गायरानावर सोलर: गावाचं भलं कशात, आणि ते ठरवणार कोण?

बुराईकाठ

शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या ओट्यावर, पारावर, सोसायटीत एकच विषय आहे: गायरान सोलरला द्यायचं की नाही. ग्रामसभा तोंडावर आलीय. वाद आमच्या गावचा असला तरी प्रश्न कुठल्याही गावाला पडू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावाला साधारण ५२ एकर गायरान आहे. जमीन मुरमाड. पावसाळ्यात गुडघाभर गवत, होळीनंतर नुसत्या बाभळी. त्यातली ४० एकर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत द्यावी असा प्रस्ताव आहे. प्रकल्पाची वीज जवळच्या उपकेंद्रात जाईल आणि शेतीच्या फीडरला (शेतपंपांच्या वीजवाहिनीला) दिवसा पुरवठा होईल. ज्यानं पौषाच्या थंडीत रात्री दोन वाजता गव्हाला पाणी भरलंय त्याला दिवसाच्या विजेचं मोल सांगायला नको. अंधार, साप, आता तर बिबट्याही. शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असं तीन वर्षं अनुदान. गावातली बहुतेक जाणती मंडळी म्हणतात, "गावाचं भलं होतंय, कोणी आडवं येऊ नये."

आता आडवं कोण येतंय ते ऐका. भिलाटीतली (म्हणजे भिल वस्तीतली) आणि गावठाणाच्या कडेची काही घरं अशी आहेत की त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. त्यांच्याकडे चार-सहा बकऱ्या, कोणाकडे एखादी गाय. त्या बकऱ्या हीच त्यांची बँक. पोरगं आजारी पडलं की एक बोकड विकायचा. चारायला जागा एकच, हे गायरान. दिवाळीनंतर ठेलारी मेंढपाळ मेंढरं घेऊन निघतात तेही वाटेत इथे उतरतात. त्यांची तर गावच्या मतदारयादीत नावंही नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे चर्चा गोल फिरणार नाही. बहुतेकांचा फायदा होतोय एवढ्यानं एखादी गोष्ट सगळ्यांच्या भल्याची होत नाही. ज्याचं सर्वांत जास्त जाणार आहे तो ठरवताना समोर बसलेला पाहिजे. त्याला नाही म्हणायची मोकळीक पाहिजे. आणि त्याचं गेलं त्याची भरपाई त्याच्याच हातात पडली पाहिजे. पंचायतीच्या खात्यात पैसे आले म्हणजे बकरीवालीला मिळाले असं होत नाही.

सोलरला माझा विरोध नाही. आमचीही तीन एकर कपाशी आणि गहू त्याच फीडरवर आहे. पण "गावाचं भलं" म्हणत कोणाला गप्प केलं जातंय, हे पाहवत नाही. तुमच्या भागात असे प्रश्न कसे सुटले, किंवा का सुटले नाहीत, ते लिहा.

रब्बीवाला

भाऊ, तुमची कळकळ समजते. पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. रात्री पाणी भरायला मालक किती जातात? आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी जातो. सालदार त्याच भिलाटीतला असतो. साप चावतो तो त्याला. म्हणजे दिवसाच्या विजेचा फायदा फक्त जमीनवाल्याचा आहे असं मांडू नका.

दुसरं असं की, प्रत्येकाच्या होकारासाठी थांबायचं म्हटलं तर गावात रस्ताही होणार नाही. कोणाचा ना कोणाचा बांध कापला जातोच. लोकशाहीत शेवटी मतदान घ्यावंच लागतं.

बुराईकाठ

रब्बीवाला दादा, सालदाराचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच मला वाटतं की भिलाटीत जाऊन विचारलं तर उत्तर सरसकट "नको" असं येणारच नाही. कदाचित म्हणतील, वीज येऊ द्या, पण नाल्याच्या अंगाची जमीन आमच्या ढोरांना सोडा. आजवर कोणी विचारायलाच गेलेलं नाही. त्यांचा फायदाही आपणच ठरवतोय आणि तोटाही आपणच.

पाटकऱ्याचा नातू

माझं गाव पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात. आजोबा फडावर पाटकरी होते. फड बागायतीबद्दल इथे थोडं लिहायलाच हवं, कारण सगळ्यांचं भलं हा विषय आपल्या खान्देशात पुस्तकातून आलेला नाही, तो पाटाच्या पाण्यात ठरलेला आहे.

पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्या पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात भुसार, आणि एखादा फड कोरडा किंवा पडीक ठेवायचा, पुढच्या वर्षी पाळी बदलायची. कुठल्या फडात काय लावायचं हे शेतकरी एकेकटे ठरवत नसत, सगळे बसून ठरवत.

खरी हुशारी जमिनीच्या वाटणीत होती. बहुतेक प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी पडलं तर एक फड सोडून द्यायचा. तो सोडला की तोटा सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा यायचा. एकाचं शेत पूर्ण वाळलं आणि शेजारच्याचा ऊस तरारला, असं होत नसे. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्यानं स्वतः बारं फोडून पाणी वळवायचं नाही. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांना मोबदला धान्यात. पाटातला गाळ काढायचा तर ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त माणसं द्यायची.

आजोबा सांगायचे की पाटावर भांडणं रोज व्हायची. भांडण होणार हे धरूनच सगळी व्यवस्था रचलेली होती. माणसं देवमाणसं होती म्हणून फड चालला नाही. दुसऱ्याचं नुकसान करून आपला फायदा करायला जागाच कमी ठेवली होती, म्हणून चालला.

पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्याकडे स्वतःची विहीर त्याला फडाच्या बैठकीची गरज उरली नाही. आज बरेच बंधारे उभे आहेत, बैठका मात्र बसत नाहीत.

बचतगट साक्री

पाटकऱ्याचा नातू, तुमचं लिखाण वाचून बरं वाटलं. माझ्या सासरीही फडाची जमीन होती. पण एक विचारते. त्या फडात बिनजमिनीवाला कुठे बसायचा? बाई कुठे बसायची? थळात ज्याचा तुकडा त्याचं पाणी आणि त्याचंच मत. जागल्या बहुतेक ठिकाणी कुठल्या जातीचा असायचा तेही सगळ्यांना माहीत आहे. व्यवस्था आतल्या माणसांसाठी फार न्यायाची होती. बाहेरच्याला ती पाटाच्या कडेनं चालू द्यायची, एवढंच.

गटातली एक बाई ह्या विषयावर जे बोलली ते तिच्याच बोलीत लिहिते: "ताई, हाई बठ्ठं खरं शे, पन ज्यासना ढोरं तठे चरतस त्यासले कोन इचारस?" (हे सगळं खरं आहे, पण ज्यांची ढोरं तिथे चरतात त्यांना कोण विचारतं?)

पाटकऱ्याचा नातू

ताई, हा आक्षेप मान्य करूनच फडाकडे बघायला हवं. माझ्या मनात एक गोष्ट येते ती अशी: फडाचा नियम "तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा" हा होता, आणि तो नियम आजही वापरता येतो. बदलायची आहे ती थळाची हद्द. गायरानाच्या बाबतीत थळ म्हणजे अख्खं गाव धरलं, भिलाटीसकट, तर काय होईल? मग विजेचा फायदा घेणाऱ्यानं चराईचा तोटाही थोडा उचलायला नको का?

केळीबाग यावल

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. आमच्याकडे फड नव्हता, सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल होतं. डोंगरातून येणारं पाणी वाळू-गोट्यांच्या थरात मुरतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या विहिरींना तोटा नव्हता. त्याच पाण्यावर जळगावची केळी उभी राहिली. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच पट्ट्यातल्या यावल आणि रावेर तालुक्यांची नोंद भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके म्हणून झाली.

कारण साधं आहे. १८८२ च्या इंग्रजी आमदानीतल्या सुविधाधिकार कायद्यापासून समज असा की जमीन माझी तर तिच्याखालचं पाणीही माझं. मी बोअर खोल नेला की शेजाऱ्याची विहीर बसते. तो आणखी खोल जातो. कोणीही बेकायदा काही करत नाही, आणि सगळे मिळून सगळ्यांचं पाणी संपवतात. १९९३ च्या कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहिरीवर बंधन आणलं. पुढे २००९ चा भूजल अधिनियमही आला. कागद चांगले आहेत. गावात मात्र कोणी कोणाच्या बोअरवर बोलत नाही, कारण प्रत्येकाचा स्वतःचा एक असतोच.

दिवसा वीज मिळाली तर उपसा वाढणार की कमी होणार, हेही त्या ग्रामसभेत विचारा. वीज आली आणि विहीर आटली तर सोलरचा उपयोग काय? आमच्याकडे हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही.

तोरणमाळ

नंदुरबार जिल्ह्यातून लिहितो. "व्यापक हित" हा शब्द आमच्याकडे लोक फार जपून ऐकतात, कारण तो ऐकू आला की पाठोपाठ मोजणीची माणसं येतात.

नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं आली. मणिबेली सगळ्यात आधी. १९७९ च्या नर्मदा पाणीवाटप लवादाच्या निवाड्याप्रमाणे महाराष्ट्राला विजेतला २७ टक्के वाटा, पाण्यातला मात्र अगदी थोडा. कालव्यांचं पाणी गुजरात आणि राजस्थानच्या शेतांसाठी. तिथल्या कोरड्या मुलखात पाणी पोचलं हे खोटं नाही, आणि त्याचा मला राग नाही. पण ज्या पावऱ्या-भिलांची घरं बुडाली त्यांच्या गावांत वीज यायला पुढे किती वर्षं गेली ते धडगावच्या डोंगरात जाऊन विचारा. काहींना तळोद्याकडे जंगलजमिनीवर वसवलं. ते जंगलही कोणाच्या तरी वापरातलं होतंच. म्हणजे एका गरिबाची भरपाई दुसऱ्या गरिबाच्या वहिवाटीतून झाली.

दुसरी गोष्ट शहाद्याची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मोठ्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या होत्या. नाव ऐकलं तर वाटेल की गावाची पिकं राखतात, यात वाईट काय? प्रत्यक्षात रखवालदारांच्या काठ्या भिल मजुरांच्या पाठीवर पडत होत्या. आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि पुढे १९७२ पासून श्रमिक संघटना उभी राहिली ती याच्या विरोधात, आणि हातच्या गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी. त्या चळवळीत बायका पुढे होत्या. दारूच्या भट्ट्या त्यांनीच फोडल्या.

तेव्हा बुराईकाठ भाऊ, गावाच्या नावानं काही होत असेल तर आधी मोजा की त्या "गावात" कोण कोण धरलंय.

रब्बीवाला

तोरणमाळ, नर्मदेची तुलना इथे जास्त होते. तिथे गावंच्या गावं गेली. इथे ४० एकर मुरूम आहे, कोणाचं घर जात नाही. छोट्या निर्णयाला एवढा मोठा इतिहास लावला तर गावातला सरपंच कधी काही करायलाच धजणार नाही.

तोरणमाळ

घर जात नाही, बरोबर. पण ज्याच्याकडे सहा बकऱ्यांशिवाय काही नाही त्याच्यासाठी ४० एकर हे सगळंच आहे. आणि लांब कशाला जाता, विखरण बुराईकाठ भाऊंच्याच शिंदखेडा तालुक्यात आहे. औष्णिक वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे मारून मारून धर्मा पाटलांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. ते तर जमीनवाले होते, सातबारा हातात होता. ज्याच्या हातात सातबाराच नाही त्यानं कोणता कागद घेऊन कुठे जायचं?

अमळनेरकर

या प्रश्नाचा थोडा मागचा धागा मांडू का? आमच्या अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. कापसाच्या आणि गिरणीच्या गावात अशी संस्था निघाली, म्हणजे हे प्रश्न आपल्या मातीत परके नाहीत.

ॲरिस्टॉटलनं राज्यांची चांगली-वाईट वर्गवारी केली तेव्हा राज्य किती जण करतात यावर तो थांबला नाही. ते कोणाच्या हितासाठी चालतं, हे त्यानं पाहिलं. एकाचं राज्य चांगलं असू शकतं आणि पुष्कळांचं राज्यही बिघडलेलं असू शकतं, जर ते पुष्कळ जण फक्त स्वतःचं बघत असतील. रब्बीवाला यांच्या मतदानाच्या मुद्द्याला हे जुनं उत्तर आहे. बहुमतानं निर्णयाला अधिकार मिळतो, तो न्याय्य आहे की नाही ते वेगळं पाहावं लागतं.

मग अठराव्या शतकात बेंथमकडून जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हा हिशेब आला. सरकारी फायली आजही त्याच हिशेबावर चालतात, कारण तो बेरजेनं करता येतो. गांधीजींना तो मान्य नव्हता. ५१ टक्क्यांच्या मानलेल्या भल्यासाठी ४९ टक्क्यांचा बळी देता येतो, ही त्यातली निष्ठुरता त्यांनी उघडपणे सांगितली. त्यांच्या सर्वोदयात शेवटचा माणूस धरल्याशिवाय हिशेब पुराच होत नाही.

मला स्वतःला यात डॉ. आंबेडकरांचं म्हणणं सर्वांत कामाचं वाटतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी इशारा दिला की राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात-अर्थकारणात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करतोय. तुमची ग्रामसभा म्हणजे ती विसंगती डोळ्यांसमोर. हात वर करताना सगळे सारखे. पण ज्याच्या शेतावर उद्या मजुरीला जायचंय त्याच्या विरोधात हात वर करणाऱ्याला त्या हाताची किंमत मोजावी लागते. म्हणून खुल्या सभेत कोणी विरोध केला नाही, एवढ्यावरून एकमत झालं असं मी तरी मानणार नाही.

बचतगट साक्री

अमळनेरकर सर, शेवटचं वाक्य छापून पंचायतीच्या भिंतीला लावायला पाहिजे.

दोंडाईचा वकील

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण ठराव करताना ती लागेल.

गायरान ही सरकारी जमीन, पण ती जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली मोफत चराईसारख्या ठरावीक कामासाठी नेमून दिलेली असते. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनी बळकावण्याबद्दल फार कडक शब्द वापरले आणि सर्व राज्यांना अतिक्रमणं हटवायच्या योजना करायला सांगितलं. भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती अशांना शासनानं पट्टे दिलेले असतील तर तो अपवाद त्यातच नोंदवलेला आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण गायरान वाचवायच्या नावाखाली पहिला हातोडा गरिबाच्या झोपडीवर पडतो हे मी स्वतः पाहिलंय.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ख) मध्ये समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताला पोषक होईल अशी करावी, असं मार्गदर्शक तत्त्व आहे. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता सरसकट "समाजाची साधनसंपत्ती" ठरत नाही. त्या वस्तूचं स्वरूप, तिचा समाजावरचा परिणाम, तिची टंचाई, ती थोड्यांच्या हाती एकवटल्याचे परिणाम हे सगळं पाहावं लागेल. हा वाद मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींवरून सुरू झाला होता. पण इथे उलटा प्रश्न विचारा. खाजगी मालमत्तेला एवढ्या कसोट्या लावून संरक्षण मिळतं, तर जी जमीन मुळातच सगळ्यांची आहे ती देताना निदान तेवढी तरी छाननी व्हायला नको का?

आता सर्वांत व्यवहाराची गोष्ट. ग्रामसभेला गणपूर्ती (किमान हजेरी) १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मोठे निर्णय बऱ्याचदा याच दुसऱ्या सभेत मोजक्या लोकांत होतात. म्हणून पहिल्याच सभेला लोक जमवा. त्याआधी महिलांची सभा घेणं कायद्यात आहे, ती कागदावर होऊ देऊ नका.

सोलरवाला

मी अशाच प्रकल्पांवर काम करतो. विरोधासाठी लिहीत नाही, पण एक हिशेब गावानं करून पाहावा.

एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात. म्हणजे ४० एकरात आठ-दहा मेगावॉटचा प्रकल्प. या योजनेत खाजगी शेतकऱ्यानं जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला निदान १ लाख २५ हजार रुपये मिळतात, आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. ४० एकर म्हणजे साधारण १६ हेक्टर. पहिल्याच वर्षाचं भाडं २० लाख झालं. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं जाते, आणि ग्रामपंचायतीला मिळतात तीन वर्षांत मिळून १५ लाख.

म्हणजे तीच जमीन एका माणसाची असती तर त्याला पहिल्या वर्षातच जास्त मिळालं असतं, पुढची वर्षं वेगळी. ती सगळ्यांची आहे म्हणून ती स्वस्त. मला हे कामावर असतानाही खटकतं.

व्यवहारातले पर्याय असे. पहिला, सगळी ४० एकर एका जागी लागते असं नाही. उपकेंद्रापासून जवळ, पाच-दहा किलोमीटरच्या आत कोणाची खाजगी पडीक जमीन असेल तर तिचा प्रस्ताव देता येतो. ज्याला शेती परवडत नाही त्याला ठरलेलं भाडं मिळेल. दुसरा, कुंपणाची आखणी मोजणीच्या वेळीच ठरते, तेव्हा नाल्याकडचा पट्टा आणि पाणवठ्याची वाट मोकळी सोडायला सांगा. नंतर कोणी ऐकत नाही. तिसरा, परदेशात पॅनेलखालचं गवत मेंढ्यांकडून चारून घेतात. मेंढी चालते. बकरी चालत नाही, ती पॅनेलवर चढते आणि वायरी कुरतडते. पण गवत कापून नेऊ देणं तर कुठल्याही प्रकल्पाला जमण्यासारखं आहे. तसं करारात लिहून घ्या, तोंडी नको.

रब्बीवाला

हा २० लाखांचा हिशेब मला माहीत नव्हता. आमच्या गावातही प्रस्ताव येतोय. सरपंचांना दाखवतो.

तरी एक राहतं. हे सगळं विचारत बसलो आणि प्रकल्प शेजारच्या गावानं नेला तर? तिकडे दिवसा वीज आणि आमचा सालदार रात्री विहिरीवर. उशिराचाही कोणाला तरी भुर्दंड पडतो, तो याच गरिबाला पडतो.

बुराईकाठ

ही भीती खरी आहे आणि गावात तीच सगळ्यात जास्त चालते. "आत्ता नाही तर कधीच नाही" म्हटलं की बोलणारे गप्प होतात. यावर मला एकच उपाय दिसतो. आपण आधीच सुरुवात करायची, मोजणी लागायच्या आत. भिलाटीतली बैठक एका संध्याकाळचं काम आहे. ते टाळून पुढे कोर्टात वर्षं घालवली तर उशीर कोणामुळे झाला म्हणायचं?

बचतगट साक्री

आमच्या तालुक्यातलं बारीपाडा सगळ्यांनी ऐकलं असेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन उजाड डोंगरावर जंगल परत आणलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. लोक तिथे जंगल बघायला आणि रानभाज्यांच्या महोत्सवाला जातात. मला मात्र तिथल्या नियमांचं जास्त वाटतं. तोडीवर बंदी, चराईवर बंधन, मोडलं तर दंड, आणि हे सगळं गावानं बसून स्वतःवर घालून घेतलेलं. वन खात्यानं हीच बंदी घातली असती तर ती रात्री मोडली असती.

पण म्हणून प्रत्येक गाव बारीपाडा होईल असंही मी म्हणणार नाही. तिथे गाव लहान, बहुतेक एकाच समाजाचं, सगळ्यांचं पोट जंगलाशी बांधलेलं. बुराईकाठ भाऊंच्या गावात कोणाकडे तीस एकर आणि कोणाकडे शून्य. तिथे "सगळे बसून ठरवू" म्हणणं सोपं नाही. आधी न बोलणाऱ्यांची वेगळी बैठक घ्या, मग एकत्र. आमच्या गटात आम्ही तसंच करतो. कर्ज थकलेल्या बाईला भर सभेत बोलायला लावलं तर ती पुढच्या वेळी येतच नाही.

केळीबाग यावल

ताई, हे फार मोलाचं आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच अभ्यासासाठी. सामाईक पाणी, कुरण, मासेमारी लोक स्वतः नीट सांभाळू शकतात, असं त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं. त्यांनी सांगितलेल्या अटींत एक ही आहे की ज्यांच्यावर नियम लागू होतो त्यांना तो बदलण्यात भाग मिळाला पाहिजे. आणि नियम मोडला तर दंड आधी लहान, मग वाढता. आमच्या बोअरच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. दंड नाही, बैठक नाही, सुरुवातही नाही.

बुराईकाठ

सगळ्यांचे आभार. तुमच्या लिखाणावरून मी ठरावाचा कच्चा मसुदा केलाय. काल भिलाटीत दोन घरी बसून वाचला. एका आजीबाईंनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या घातल्यात.

गायरानातली जास्तीत जास्त २० एकर द्यावी, बाकीसाठी खाजगी पडीक जमिनीचे प्रस्ताव मागवावेत. नाल्याच्या अंगाची जमीन आणि हाळाकडे (ढोरांच्या पाणवठ्याकडे) जाणारी वाट कुंपणाबाहेर राहावी (ही आजीबाईंची पहिली दुरुस्ती. माझ्या मसुद्यात नाला होता, वाट नव्हती). पंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातला निम्मा भाग तीन वर्षं भूमिहीन पशुपालक कुटुंबांच्या चाऱ्यासाठी आणि शेडसाठी बांधून ठेवावा, आणि त्याचा खर्च त्याच कुटुंबांतल्या पाच जणांच्या समितीनं मंजूर करावा. समितीत तीन बायका, ही त्यांची दुसरी दुरुस्ती. आतलं गवत कापून नेण्याचा हक्क करारात लिहावा. ठेलाऱ्यांच्या मुक्कामासाठी रस्त्याकडची दोन एकर जागा कायम ठेवावी. दिवसा वीज सुरू झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत वाचून दाखवावी.

रब्बीवाला दादांच्या घाईच्या मुद्द्यासाठी शेवटी एक ओळ घातलीय: या अटी मान्य झाल्या तर गावाची संमती लगेच देण्यात यावी.

ठेलाऱ्यांच्या कलमावर गावात सर्वांत जास्त विरोध आहे. "ते आपले मतदार नाहीत" असं दोघांनी तोंडावर सांगितलं. मी ते कलम काढणार नाही. त्यांची मेंढरं आपल्या शेतात बसली की खताचे पैसे आपणच देतो, मग त्यांना उतरायला जागा देताना ते परके कसे?

वकील साहेब, मसुद्यात कायद्याच्या दृष्टीनं काही राहिलं असेल तर सांगा.

दोंडाईचा वकील

मसुदा चांगला आहे. तीन गोष्टी करा. तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा आणि मोजणी नकाशा घ्या, आणि अतिक्रमणांची नोंदवही म्हणजे गाव नमुना १-ई पण मागा. भिलाटीतली काही घरं त्या ४० एकरांत येत असतील तर त्यांचा प्रश्न आधी सोडवावा लागेल, नाहीतर ठरावाच्या आधाराने तीच घरं पहिली उठतील. "जास्तीत जास्त २० एकर" एवढं न लिहिता गट नंबर आणि चतुःसीमा लिहा. आणि महिला सभेचा ठराव वेगळ्या कागदावर सह्या-अंगठ्यांसह घ्या, ग्रामसेवकाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

ठेलाऱ्यांचं कलम ठेवा. कलम २२ मध्ये चराई आहे, मतदारयादी नाही.

बचतगट साक्री

महिला सभेच्या दिवशी आमच्या गटातल्या दोघी-तिघी येतील. सकाळी नको, बकऱ्या सोडायची वेळ असते. दुपारी चारनंतर ठेवा.